मोजदाद वस्तीच्या हाती हवी

२०१६ साली स्वच्छ सर्वेक्षणाची पहिली यादी लागली तेव्हा ७३ शहरांत इंदूर पंचविसावे होते. २०१७ मध्ये ४३४ शहरांत ते पहिले आले आणि त्या वर्षापासून सलग आठ वेळा पहिलेच राहिले. बाहेरगावचा पाहुणा आला की राजवाडा आणि सराफा दाखवता दाखवता आपण इंदूरकर रस्त्यांकडेही बोट दाखवतो. तो अभिमान रास्त आहे. एका वर्षात पंचविसाव्या क्रमांकावरून पहिल्यावर येणे भिंती रंगवून होत नाही. कचरागाडी कोणत्या गल्लीत किती वाजता पोहोचली, ओला-सुका कचरा वेगळा कोण देतो आणि कोण देत नाही, रस्त्यावरची कुठली कचरापेटी उठली, देवगुराडियाच्या ढिगातला किती कचरा हलला, याची नोंद होऊ लागली आणि त्या नोंदीवर कुणाला तरी जाब द्यावा लागू लागला. मोजणीने शहर बदलते, हे इंदूरने देशाला करून दाखवले.

त्याच इंदुरात डिसेंबर २०२५ च्या अखेरच्या दिवसांत भागीरथपुऱ्यातल्या नळाच्या पाण्यात मैला मिसळला. माणसे दगावली, त्यांत तान्हे मूलही होते. शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी रुग्णालयांत दाखल झाले. पाण्याला वास येतो, चव बिघडली आहे, हे वस्तीतले लोक आधीपासून सांगत होते. मृत्यू किती झाले यावरही एकमत होईना. प्रशासनाचा आकडा एक आणि वस्तीचा दुसरा.

देशात पहिल्या आलेल्या शहरात असे कसे झाले, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. माझ्या मते तो जरा वेगळा विचारायला हवा. पाणी बिघडल्याचे कुणाला माहीत नव्हते का? होते. नळापाशी उभ्या राहणाऱ्या बायकांना होते. इंदूर-भोपाळच्या पाणीपुरवठ्यातल्या गळत्यांवर आणि दूषित नमुन्यांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात बोट ठेवले होते. म्हणजे वस्तीच्या तोंडी माहिती होती आणि सरकारच्या दप्तरी अहवाल होता, पण ज्याच्या घरात ते पाणी येत होते त्याच्यापर्यंत अहवाल गेला नाही आणि ज्याच्या हाती दुरुस्तीचा पैसा होता त्याच्यापर्यंत वस्तीचे म्हणणे पोहोचले नाही. संशोधन आणि मूल्यमापन यांनी समाज निरोगी होतो, जास्त समतेचा होतो, असे आपण सहज म्हणतो. मला ते पटते, पण एका अटीवर: ज्यांची मोजदाद होते त्यांनी काय मोजायचे हे ठरवण्यात भाग घेतला पाहिजे, आणि निकाल सर्वांत आधी त्यांच्या हाती पडला पाहिजे. ही अट पाळली नाही तर कितीही सर्वेक्षणे करा, कपाटे तेवढी भरतात.

जरा पाण्यापाशीच थांबू. नर्मदेचे पाणी इंदूरला १९७८ साली आले, जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून. आजही शहराच्या बहुतेक भागांत ते एक दिवसाआड, ठरावीक वेळच येते. पाणी येत असते तोवर पाइपात दाब असतो. कुठे भेग असली तर पाणी बाहेर जाते. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो, दाब उतरतो, आणि त्याच भेगेतून आजूबाजूची ओल आत शिरते. शेजारून गटाराची लाइन जात असेल, ती फुटकी असेल, तर आत काय शिरते ते सांगायला नको. पुढच्या पाळीला पाणी सुटते तेव्हा ही साठलेली घाण सगळ्यांत आधी नळाला येते. ज्याच्याकडे गच्चीवर मोठी टाकी आहे, आरओ आहे, महिन्याला फिल्टर बदलायची ऐपत आहे, त्याला याचा फटका कमी बसतो. ज्याचा नळ गल्लीच्या शेवटी, उतारावर, नाल्याला लागून आहे, त्याला पुरता बसतो. शहर एक, लाइन एक, पाणीपट्टीचे बिलही एकाच निगमाचे, म्हणजे महापालिकेचे. आजार मात्र ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे वाटून येतो.

हे शास्त्र वस्तीतल्या बाईला कुणी शिकवलेले नाही, तरी तिला ते येते. नळ सुटायच्या वेळी कुठल्याही जुन्या वस्तीत जाऊन उभे राहा. तोटीला फडके बांधलेले असते, रोज धुऊन वाळत घातलेले, तरी पिवळट पडलेले. पहिली बादली भरते ती नालीत जाते किंवा संडासासाठी बाजूला ठेवली जाते. दुसरी धुण्याची. मग बाई ओंजळीत पाणी घेते, नाकापाशी नेते, आणि तेव्हा कुठे पिण्याचा हंडा नळाखाली येतो. विचारले तर सांगेल, "पहिलं पाणी घ्यायचं नसतं, भाऊ. पोरांची पोटं बिघडतात." पाणी तासभर येणार असेल आणि एका नळावर चार घरे असतील, तर हे ओतून दिलेले पाणी तिला परवडत नाही. तरी ती ओतते.

आता सर्वेक्षणाचा अर्ज हातात घ्या. पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत कोणता? घरातला नळ. झाले, घर "सुधारित स्रोता"च्या रकान्यात गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, देशातली जवळपास ९६ टक्के घरे या रकान्यात होती. भागीरथपुऱ्यातले घरही तिथेच बसले असते. त्या नळातून काय येते, पहिली बादली का ओतली जाते, हा प्रश्न अर्जात नसतो, कारण अर्ज तयार करणाऱ्याच्या घरी पहिली बादली ओतावी लागत नाही.

हे सर्वेक्षण निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. कुपोषण, बाळंतपण, रक्तक्षय यांबद्दल आपल्याला जे खात्रीने माहीत आहे त्यातले बरेचसे त्याच्याच जोरावर. पण त्याचा आवाका समजून घेतला पाहिजे. ७०७ जिल्ह्यांतल्या ६ लाख ३७ हजार घरांत ते झाले, म्हणजे जिल्ह्याला सरासरी नऊशे घरे. इंदूर जिल्ह्यात विजयनगर येते, महू येते, देपालपूरची खेडी येतात आणि नाल्याकाठच्या वस्त्याही येतात. नऊशे घरांतून जिल्ह्याची सरासरी निघते. वस्ती-वस्तीतला फरक निघू शकत नाही. विषमता तर नेमकी त्या फरकातच असते. त्यातून आपल्याकडे लोकसंख्येचा पाया २०११ चा. तेव्हा निगमाच्या हद्दीत १९ लाख ६४ हजार माणसे होती. २०१४ मध्ये २९ गावे हद्दीत आली, वॉर्ड ६९ चे ८५ झाले, आणि अजूनही दर हजारी कुठलाही हिशेब मांडायचा तर भागाकार जुन्याच आकड्याच्या अंदाजाने करावा लागतो. झाबुआ-अलीराजपूरहून बांधकामावर आलेले भिल्ल कुटुंब, इमारत उठेपर्यंत तिथेच पत्र्याच्या खोलीत राहणारे, या कुठल्याच यादीत धड सापडत नाही. त्यांची मुले आजारी पडली तर तो आकडा झाबुआचाही नसतो आणि इंदूरचाही नसतो.

शहराची तपासणी कशी करावी, याचा एक धडा इंदूरला शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश नियोजनकाराला बोलावले आणि १९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गेडेस मूळचे जीवशास्त्रज्ञ. आधी पाहणी, मग निदान आणि मग उपचार, हा त्यांचा आग्रह, आणि पाहणी म्हणजे नकाशा हातात घेऊन गल्लीबोळातून पायी हिंडणे. जुन्या वस्त्या सरसकट पाडून सरळ रस्ते काढायचे, ही तेव्हाच्या अभियंत्यांची रीत त्यांना मान्य नव्हती. कुठली भिंत हलवली की हवा खेळेल, कुठली विहीर उपसली की पिता येईल, कुठले झाड राखायचे, हे घराघरापाशी उभे राहून ठरवायचे. शहरभर महागड्या गटारवाहिन्या टाकून सगळी घाण नदीत सोडण्याच्या योजनेवर त्यांनी कडक टीका केली. मैला जमिनीला परत मिळावा, खत व्हावा, असे त्यांचे मत होते.

त्या काळात इंदुरात प्लेगची दहशत होती. गेडेस यांच्या चरित्रांत दिवाळीच्या मिरवणुकीची हकीगत येते. महाराजांनी त्यांना एका दिवसाचा अधिकार दिला. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या रस्त्यांवरची जास्त घरे स्वच्छ आणि दुरुस्त झाली असतील त्या रस्त्यांनी जाईल, असे त्यांनी जाहीर केले. मग घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती आणि नवे पांढरे कपडे घातलेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार होते. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मला तिच्यातली एक बाजू फार मोलाची वाटते. तपासणीचा निकष सगळ्या गावाला आधीच ठाऊक होता, साधा होता, आणि निकाल त्याच गल्लीतल्या लोकांना त्यांच्या डोळ्यांनी दिसणार होता. मिरवणूक आली की नाही आली, यात लपवण्यासारखे काही नव्हते.

पुढे याच शहरात उलटे घडले. १९८९ पासून ब्रिटिश सरकारच्या मदतीने इंदूरच्या गरीब वस्त्यांत सुधारणेचा मोठा प्रकल्प झाला. अभियंते हिमांशू पारिख यांची कल्पना सुरेख होती: वस्त्या बहुधा नाल्यांच्या काठी असतात, तेव्हा त्यांना शहरापासून वेगळ्या न समजता त्यांच्यातूनच सांडपाण्याच्या वाहिन्या न्यायच्या, म्हणजे वस्ती आणि शहर दोन्ही सुधारतील. १८३ वस्त्या या प्रकल्पात होत्या. १९९३ मध्ये जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला, १९९८ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार. जगभरच्या परिषदांत इंदूरचे नाव गाजले. मग गीता दिवाण वर्मा या नियोजनकार वस्त्यांत जाऊन पाहून आल्या आणि २००० साली त्यांनी एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात सरळ विचारले की याला यश म्हणायचे की अपयश. घरे वाहिन्यांना पुरेशी जोडली गेली नाहीत, वाहिन्या चालत नाहीत, पुरस्काराच्या कागदावरचे चित्र वस्तीत सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रस्ते झाले, दिवे लागले, याचा लोकांना फायदा झाला, हे खरेच आहे. पण जमिनीखालचे काम चालते की नाही, हे पुरस्कार देणाऱ्यांना कळायला वस्तीत राहणाऱ्या माणसालाच विचारावे लागले असते. त्याचा संडास तुंबतो की वाहतो, हे त्याच्याइतके कोण सांगणार? त्या टीकेवर वस्त्यांमध्ये बसून चर्चा झाली असती, वाहिनीवाहिनीची तपासणी झाली असती, तर नंतरच्या पंचवीस वर्षांत इंदूरच्या जमिनीखाली काय चालले आहे हे शहराला जास्त नीट कळले असते. टीका परदेशी नियतकालिकात छापून आली, पुरस्कार भिंतीवर राहिले.

इंदूरच्या लोकांनी संशोधन या शब्दाचा याहून कडू अनुभवही घेतला आहे. २०१० च्या सुमारास उघड झाले की इथल्या सरकारी वैद्यकीय व्यवस्थेतले काही डॉक्टर औषध कंपन्यांसाठी रुग्णांवर चाचण्या करत होते, आणि आपल्यावर चाचणी चालली आहे हे अनेक रुग्णांना, त्यांच्या आईबापांना कळलेलेच नव्हते, अशा तक्रारी पुढे आल्या. मोफत औषध मिळते आहे, डॉक्टर आपुलकीने वागताहेत, एवढेच त्यांना दिसत होते. सही किंवा अंगठा कशावर केला, ते वाचून दाखवायला कुणी नव्हते. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१३ मध्ये देशाचे नियम बदलले: चाचणीत इजा झाली तर भरपाई द्यायची, आणि संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे. आज देशात कुठेही एखाद्या रुग्णाला कॅमेऱ्यासमोर बसवून चाचणीची माहिती त्याच्या भाषेत सांगितली जाते, तेव्हा त्यामागे आपल्या शहरातल्या गरीब रुग्णांचे भोगणे आणि आपल्या शहरातल्या काही माणसांची चिकाटी आहे. हे आपण अभिमानाने सांगत नाही. सांगायला हवे.

म्हणूनच एखाद्या वस्तीत फाइल घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला बायका विचारतात, "मागच्या साली पण आले होते, त्याचं काय झालं?" तेव्हा तो प्रश्न उद्धट नसतो. त्यांची वेळ गेली, त्यांनी मुलांची वजने सांगितली, नवऱ्याची दारू सांगितली, गेलेल्या बाळाबद्दल सांगितले. त्यातून कुणाला पदवी मिळाली, कुणाला पुढचा प्रकल्प मिळाला. वस्तीला एक कागदही परत आला नाही. वैद्यकीय संशोधनात इजेची भरपाई निदान कायद्याने ठरली. अशा सर्वेक्षणांत वस्तीला परत काय द्यायचे, यावर मात्र कुणी अडून बसत नाही.

लोकांच्या हाती मोजणी दिली तर ती शास्त्रशुद्ध राहणार नाही, असा आक्षेप नेहमी येतो. त्याचे उत्तर मराठी माणसाला दूर शोधायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून नेमके हेच काम उभे केले. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला: दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्यांपैकी जेमतेम ८ टक्क्यांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच समजणाऱ्या जगाला त्या दोन गावांनी हलवले. पुढे नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न घेतला. ३९ गावांत गावातलीच, जेमतेम शिकलेली बाई प्रशिक्षण घेऊन घरोघरी बाळांची काळजी घेऊ लागली. अशी सोय नसलेल्या ४७ गावांशी तुलना केली. जन्म किती, मृत्यू किती, बाळाचा श्वास किती, वजन किती, हे त्या बायकांनी नोंदले आणि त्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर घेतली. इंदूरच्या वस्तीत आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन घेते, ती गडचिरोलीतल्या त्या बायकांच्या मोजणीची पुढची पायरी आहे. शास्त्राची शिस्त आणि गावच्या बाईचे हात एकत्र येऊ शकतात, हे जगातल्या सर्वांत काटेकोर वैद्यकीय नियतकालिकात सिद्ध झालेले आहे. शिस्त मात्र हवी. तुलनेची गावे हवीत, नोंदींची फेरतपासणी हवी, चुकीचा निष्कर्ष निघाला तर तो मान्य करायची तयारी हवी. "लोकांनी सांगितले" एवढ्यावर भागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. मोजणी लोकांच्या हाती गेली की तिचे राजकारण होते. पार्षदाचा, म्हणजे नगरसेवकाचा, विरोधक ती वापरतो, आणि खरे-खोटे दोन्ही वाहून जाते. हा धोका आहे. यावर काय करता येते, हे महाराष्ट्राने काही अंशी दाखवले आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली आरोग्यसेवांवर लोकांची देखरेख सुरू झाली, नऊ राज्यांत, त्यांत आपले मध्यप्रदेशही होते. महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांपासून सुरुवात झाली आणि काम टिकले. गावातले लोक बसून आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक भरतात: औषधे मिळतात का, डॉक्टर हजर असतात का, पैसे मागतात का. उत्तरांप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल रंग. मग जनसुनवाई होते. अधिकारी समोर बसलेले, लोक एकेक अनुभव सांगतात, आणि तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. निकष आधी ठरलेले, सगळ्या गावांना सारखे, आणि दोन्ही बाजू एकाच खोलीत, त्यामुळे नुसता आरडाओरडा करून भागत नाही. राजकारण तरीही होतेच. पण बंद दाराआड ठेवलेल्या अहवालाचेही राजकारण होते, त्यात फक्त एकच बाजू खेळते. आपल्याकडे या प्रयोगाने तसे मूळ धरले नाही, आणि शहरांत तर तो आलाच नाही. याचे मला फार वाईट वाटते, कारण शहरातल्या गरिबाचे आरोग्य खेड्यातल्या गरिबापेक्षा जास्त झाकलेले असते. मोठी रुग्णालये जवळ असतात, म्हणून तो निरोगी असेल असे धरून चालतात.

तक्रार-निवारणाचे आकडे याच झाकणाचा भाग आहेत. तक्रार नोंदवली, ती "बंद" झाली, मोबाइलवर संदेश आला, आणि महिन्याच्या अहवालात ती सुटलेल्या तक्रारींत मोजली गेली. नळाचे पाणी तसेच. तक्रार सुटली की नाही हे तक्रार करणाऱ्याने सांगायचे, निवारण करणाऱ्याने नव्हे, एवढा एक बदल केला तरी किती आकडे पालटतील! पाण्याच्या एका वासाच्या दहा तक्रारी एका गल्लीतून आठवड्यात आल्या, तर ती दहा प्रकरणे नसतात. ती साथीची पहिली सूचना असते. ती ओळखायला फार मोठे तंत्र लागत नाही. आलेल्या तक्रारी नकाशावर मांडून कुणीतरी रोज सकाळी त्याच्याकडे पाहायला हवे.

आणि मृत्यूंची मोजणी. भागीरथपुऱ्यात आकड्यांवर वाद झाला याचे मूळ केवळ लपवाछपवीत शोधून चालणार नाही. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण २२ टक्क्यांच्याच बाबतीत मृत्यूचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. घरी गेलेला म्हातारा जुलाबाने गेला, अशक्तपणाने गेला की हृदय बंद पडून, हे नंतर कोण सांगणार? घरच्यांशी बसून, ठरलेल्या प्रश्नांनी, शेवटच्या दिवसांची हकीगत लिहून घेऊन कारण ठरवण्याची पद्धत आहे. गडचिरोलीसारख्या ठिकाणी ती वर्षानुवर्षे वापरली गेली आहे. ती साथ आल्यावर घाईघाईने नको, नेहमीच हवी. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या आणि जुलाब-उलट्यांनी गेलेल्या प्रत्येक माणसाच्या मृत्यूची अशी चौकशी वॉर्डात व्हावी आणि तिच्यात वस्तीतली एक बाई बसावी. तिला माहीत असते त्या घरात पाणी कुठून येत होते.

मला काय हवे आहे ते स्पष्ट सांगतो. इंदूरच्या ८५ वॉर्डांत, प्रत्येक वॉर्डातल्या सर्वांत उताराच्या, शेवटच्या नळांवर, नळ सुटल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांतले पाणी दर आठवड्याला तपासले जावे. टाकीजवळचे नाही, दुपारच्या स्वच्छ धारेचे नाही. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेले असले पाहिजे आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जंतू अजिबात सापडता कामा नये. क्लोरीनची चाचणी दोन थेंब टाकून, रंग पाहून होते. मैल्याच्या जंतूंसाठी भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक सोपी कुपी मांडली: पाणी भरून घरात उबेला ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाण्यात मैला असल्याचा संशय धरायचा. कुपी शेवटचा निकाल देत नाही; तिने धोक्याची खूण केली की प्रयोगशाळेने पक्की तपासणी करायची. पण ही खूण बचत गटातली बाई, आंगणवाडीची ताई, नववीतली मुलगी ओळखू शकते. जी बाई तीस वर्षे ओंजळीत वास घेऊन पाणी तपासत आली, तिच्या हातात ही कुपी देण्यात धोका काय?

निकाल संकेतस्थळावर टाकून काम झाले असे समजू नये. तो रेशनच्या दुकानावर, आंगणवाडीच्या भिंतीवर, ठळक अक्षरांत लागला पाहिजे: या आठवड्यात आपल्या गल्लीचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, नसेल तर टँकर कधी येणार आणि लाइन कोण दुरुस्त करणार. वॉर्डावॉर्डांची तुलना दिसली पाहिजे, म्हणजे पैसा कुठे आधी जायला हवा यावर वाद घालायला लोकांच्या हातात काहीतरी असेल. रात्री सराफ्यात आणि राजवाड्याभोवती झाडू मारणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसांची तपासणी, नाल्याकाठच्या मुलांची वजने, हेही त्याच भिंतीवर वॉर्डाच्या आकड्यांनी यावे, नावे न देता. यासाठी नवा विभाग काढायला नको. स्वच्छतेसाठी निगमाने जी रोजच्या नोंदीची सवय लावून घेतली, तीच इथे वळवायची आहे.

आणि आपण इंदूरचे मराठी लोक यात काय करू शकतो? संस्था चालवणे आपल्या अंगवळणी आहे. महाराष्ट्र साहित्य सभा आहे, सानंद आहे, गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, भजनी मंडळे आहेत. वर्गणीच्या पैनपैचा हिशेब लिहिणारी, वेळेवर सभा घेणारी माणसे आपल्यात आहेत. निवृत्त जलअभियंते आहेत, रसायनशास्त्र शिकवलेले प्राध्यापक आहेत, रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत आयुष्य काढलेल्या बायका आहेत. त्यांच्यापैकी काहींनी आठवड्यातली एक सकाळ एखाद्या नाल्याकाठच्या वस्तीला दिली तर कुप्या कशा भराव्यात, नोंद कशी ठेवावी, चुकीचा नमुना कसा ओळखावा, हे शिकवायला बाहेरून कुणी आणावे लागणार नाही. वस्तीने ठरवलेला प्रश्न आणि त्यांचे शास्त्र एकत्र बसेल. गणेशोत्सवाच्या मांडवात दहा दिवस व्याख्याने होतात. त्यांतली एक संध्याकाळ वॉर्डाच्या पाण्याचे वर्षभराचे निकाल वाचून दाखवायला ठेवता येईल. पार्षद आणि निगमाचे झोन अधिकारी समोरच्या रांगेत बसतील, आणि माइक आधी शेवटच्या नळावरच्या बाईकडे जाईल.

पावसाळ्याआधी लाइनींची तपासणी होते तेव्हा हे सुरू करायला हवे. जून उजाडला की नाले भरतात, आणि मग कुठली भेग कुठे होती हे शोधायला फार उशीर झालेला असतो. प्रत्येक झोन कार्यालयाने एप्रिलमध्ये आपल्या वॉर्डांतल्या शेवटच्या नळांची यादी त्या त्या वस्तीत बसून तयार करावी, वस्तीच्या सह्या घेऊन, आणि पहिला निकाल मेच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर लावावा.